अंधेरीहून मस्कत जवळ, कोलकाता लांब

नकाशावर पट्टी ठेवा आणि बोरिवली स्टेशनपासून मुलुंड स्टेशनपर्यंत सरळ रेघ ओढा. अंतर भरतं जेमतेम १२ किलोमीटर. आता तेच लोकलने जाऊन बघा. बोरिवली ते दादर २४ किलोमीटर, तिथे पूल चढून-उतरून मध्य रेल्वेचा फलाट गाठायचा, मग दादर ते मुलुंड आणखी २२. एकूण ४६. मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवं पडलंय. सरळ जायची सोय तिथल्या बिबट्यांना आहे, सीझन पासवाल्यांना नाही. डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड आणि बोरिवली-ठाणे असे बोगदे खणायचं काम हाती घेतलंय, ते पुरं होईपर्यंत दादरला पर्याय नाही, नाहीतर घोडबंदरचा वळसा आहेच.

हवाई अंतर वेगळं आणि प्रत्यक्ष कापायचं अंतर वेगळं, हे उपनगरात राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. मजा अशी की आपल्या डोक्यावरून रोज घरघरत जाणाऱ्या विमानांचंही हेच दुखणं आहे. त्यांनाही सरळ जाता येत नाही. त्यांच्या वाटेत कधी वारा येतो, कधी युद्ध येतं, आणि पृथ्वीचा गोलवा तर कायमचाच.

तर खुर्चीचा पट्टा बांधा. पुढचे आकडे विमानतळ ते विमानतळ, कमीत कमी अंतराचे आणि गोळाबेरजेत धरलेले आहेत. पाच-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे झाले तर भांडायला येऊ नका.

शेजारी कोण, लांबचं कोण

सहारच्या धावपट्टीवर उभं राहून शेजारपाजार मोजला की शाळेतला भूगोल जरा हलतो. बेंगळुरू ८३५ किलोमीटर, कराची ८७५. म्हणजे आयटीतला भाचा जिथे राहतो ते शहर आणि कराची, दोन्ही आपल्याला सारख्याच हाकेवर. दिल्ली त्याहून लांब, साडेअकराशेच्या जवळ.

पुढे ऐका. मस्कत १,५९० आणि कोलकाता १,६६५. मालदीवचं माले विमानतळ १,६५५, म्हणजे तेही कोलकात्याच्या किंचित अलीकडेच. दुबई १,९३० आणि गुवाहाटी २,०७०. पोर्ट ब्लेअर तर जवळजवळ २,३०० किलोमीटरवर. अंदमानला जाणाऱ्या माणसाला पासपोर्ट लागत नाही आणि दुबईला जाणाऱ्याला लागतो, पण विमानाचं इंधन अंदमानवाल्याला जास्त लागतं. अरबी समुद्राकाठच्या या शहराचं तोंड मुळातच पश्चिमेकडे आहे. आखातात घराघरातून माणसं गेली ती काही उगाच नाही.

दुसऱ्या टोकाला जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किलोमीटर, आणि वारा मनासारखा असला तर दोन मिनिटांच्या आत संपतं. आपल्याकडे बोरिवली ते दहिसर एवढंच काय ते. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या लोकांचा अख्खा विमानप्रवास आपल्या धावपट्टीत मावेल आणि वर जागा उरेल.

जुहूला चिखल, अहमदाबादला बैलगाडी

आज मुंबई विमानतळ म्हटलं की अंधेरी-पार्ल्याच्या पूर्वेचं सहार-सांताक्रूझ डोळ्यांपुढे येतं. रिक्षात बसलं की पहिला प्रश्न, ‘डोमेस्टिक का इंटरनॅशनल?’ पण गोष्ट सुरू झाली ती पश्चिमेला, जुहूत. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोडवरून एकटेच पुस मॉथ जातीचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं, पंचवीसेक किलो. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं विमान कराचीपर्यंत टपाल आणून टाकायचं. तिथून पुढची जबाबदारी टाटांनी घेतली. जुहूहून नेव्हिल व्हिंटसेंट हे दुसरे वैमानिक तीच पत्रं घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

अहमदाबादला पेट्रोल भरलं ते डब्यांतून, आणि ते डबे विमानापाशी आले बैलगाडीतून. भारतीय हवाई वाहतुकीच्या पहिल्या मुक्कामाचं हे दृश्य एखाद्या चित्रकाराने अजून मोठ्या कॅनव्हासवर का काढलं नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

जुहूची पट्टी म्हणजे तेव्हा नुसती सपाट माती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, मग सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवायचा. पावसाने मुंबईची विमानं पुण्याकडे वळण्याची प्रथा जुनी आहे, हे पुढच्या वेळी विमानात अडकून पडलात की शेजाऱ्याला सांगा. त्यालाही तेवढाच विरंगुळा.

जे. आर. डी. पक्के हौशी. ५० वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून पुन्हा करून दाखवला.

टपालावरून नागपूर आठवलं. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास अशा चार दिशांनी रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर सगळी नागपुरात जमायची. पत्रांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी गिरगावात टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्याच्या वाटपात. झीरो माइलचा दगड मिरवणाऱ्या नागपूरकरांना देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा रोकडा फायदा त्यानंतर क्वचितच झाला असेल.

८ जूनचा योगायोग

मुंबई ते लंडन, अंतर ७,२०० किलोमीटर. एअर इंडियाचं पहिलं विमान या वाटेला लागलं ८ जून १९४८ रोजी. नाव ‘मलबार प्रिन्सेस’, जात लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. आत ३५ प्रवासी, त्यांत स्वतः जे. आर. डी. विमान कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं आणि १० जूनला लंडनला टेकलं. बोटीने दोन-तीन आठवडे घालवणाऱ्यांना ही जादूच वाटली असणार.

त्याच तारखेला, बरोबर ६६ वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी अंधेरीकरांना आणखी एक जादू बघायला मिळाली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, एकवीसेक मिनिटं. त्याआधी अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी बसमध्ये बसून ज्यांनी घाटकोपर गाठलंय, त्यांना दोन्ही घटनांमध्ये मोठी कुठली असं विचारलं तर मलबार प्रिन्सेसचं काही खरं नाही.

१९६० साली बोइंग ७०७ आलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया न्यूयॉर्कला पोहोचली. १९६२ मध्ये तिने पंख्यांची सगळी विमानं ताफ्यातून काढली आणि फक्त जेट विमानं उडवणारी जगातली पहिली कंपनी होण्याचा मान पटकावला. मुंबईच्या कंपनीचा हा विक्रम आपण हल्ली विसरलोच आहोत.

सगळं बरोबर, शेवटचे तीन किलोमीटर चुकले

अंतरांच्या गोष्टींतला माझा सर्वांत लाडका किस्सा हा. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ शेजारी-शेजारी, मध्ये तीन-साडेतीन किलोमीटर. दोन्हीकडे पूर्व-पश्चिम धावपट्टी. वरून बघणाऱ्याला आधी समुद्र दिसतो, मग किनारा, मग एक पट्टी. ती कुठली?

१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. पट्टी आखूड, जेमतेम ११०० मीटरच्या पुढची. उतरलं तर उतरलं, पण आता उडायचं कसं? विमान हलकं करून, काही दिवसांनी, कसंबसं ते तिथून उडवून नेलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि धडा मात्र तिथेच राहिला, कारण २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे जेट पुन्हा तीच चूक करून जुहूला उतरलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. लंडनहून टोकियोला निघालेलं हे विमान, टप्प्याटप्प्याने हजारो किलोमीटर बिनचूक आलं आणि पार्ल्यात गल्ली चुकलं.

जुहूला आता हेलिकॉप्टरची ये-जा असते. अंधेरीत नवख्या माणसाला पत्ता सापडत नाही म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, जपानी वैमानिकालाही सापडला नव्हता.

न्यूयॉर्कला जायचं तर मॉस्कोवरून

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या डावीकडे, थोडं वर. मग विमानाने अरबस्तान, आफ्रिकेचं टोक, अटलांटिक असं जावं की नाही? नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा कुठून जातो बघा. कच्छचं रण, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून, हेलसिंकीवरून, आइसलंडवरून आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. एकूण १२,५०० किलोमीटर. वाटेत दोरा ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि न्यूयॉर्कसाठी पुन्हा ४१वर उतरतो.

सॅन फ्रान्सिस्कोची रेघ त्याहून वेडी. अंतर १३,५०० किलोमीटर. दोऱ्याचं तोंड जवळजवळ सरळ उत्तरेकडे. आधी दिल्लीच्या किंचित पश्चिमेने, मग हिमालय, चीनचा शिनजियांग प्रांत, सायबेरिया, ७६ अंशांपलीकडे उत्तर ध्रुवसागर, अलास्का आणि मग खाली कॅलिफोर्निया. अमेरिका पश्चिमेला म्हणतात खरी, पण बे एरियातल्या मुलीकडे जायला आजी-आजोबा निघतात ते जवळजवळ उत्तरेला. प्रत्यक्षात कुठलंही विमान ही रेघ जशीच्या तशी गिरवत नाही. तिबेटच्या पठारावर काही बिघडलं तर खाली यायला जागा नाही, म्हणून तो भाग टाळतात, वारा बघून पूर्वेची किंवा पश्चिमेची वाट धरतात. एअर इंडियाने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को विनाथांबा सेवा सुरू केली ती डिसेंबर २०२२ मध्ये. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिली पानं दिली. दिलीच पाहिजेत. पण १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिलचर मार्गावर फॉकर विमानाचं सारथ्य केलं, तेव्हाही वैमानिक आणि कर्मचारी सगळ्या महिलाच होत्या. देशातलं तसं ते पहिलं उड्डाण. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत मी तरी पाहिलेलं नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क मधे न थांबता जायची सोय एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी केली. विमान बोइंग ७७७-२०० एलआर. त्याच्या टाक्यांत इंधन मावतं १,८१,२८३ लिटर. सोसायटीत मे महिन्यात दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तसे अठरा.

जाताना दहा तास, येताना नऊ

लंडनला जाताना साधारण दहा तास लागतात आणि येताना त्याहून तासभर कमी. अंतर तेच. फरक वाऱ्याचा. आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा पट्टा वाहतो, ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे कधी कधी. येताना तो पाठीशी, जाताना छातीवर. म्हणून वैमानिकाच्या लेखी अंतराचे दोन आकडे, एक जमिनीवरून मोजलेला आणि एक हवेतून कापलेला.

त्यांची मापंही धेडगुजरी. अंतर नॉटिकल मैलात (एक म्हणजे १.८५२ किलोमीटर), उंची फुटांत, वजन किलोत आणि धावपट्टी मीटरमध्ये.

न्यूयॉर्कचं विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी तिथे उतरतं. पंधरा-सोळा तासांचा प्रवास, घड्याळात मात्र पाच-सहाच तास सरलेले. येताना हिशेब चुकता होतो, अख्खा एक दिवस गिळला जातो. युरोपची बरीच विमानं सहारहून मध्यरात्रीच का सुटतात, त्याचंही उत्तर घड्याळात आहे. तिथल्या मोठ्या विमानतळांवर रात्री विमानं उतरवायला बंधनं असतात आणि प्रवाशांना पुढचं विमान सकाळी पकडायचं असतं. त्यांची झोप मोडू नये म्हणून आपली मोडते.

बंद दारं

सगळ्यात मोठा वळसा मात्र माणसंच घालायला लावतात.

तेल अवीव मुंबईहून ४,०५० किलोमीटर, पाच-साडेपाच तासांचं काम. आपल्या रायगड-ठाण्याकडचे बेने इस्रायली, अलिबाग-पेणकडे ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांतले बरेच तिकडे स्थायिक झाले. त्यांच्यातली जुनी मंडळी तिथे आजही मराठी बोलतात. त्यांना माहेरी यायचं तर इस्रायलच्या एल अल कंपनीचं विमान असायचं. पण सौदी अरेबियाचं आकाश इस्रायलच्या विमानांना बंद होतं. मग विमान लाल समुद्रावरून थेट दक्षिणेला, एडनच्या आखातापर्यंत, तिथून डावीकडे वळून अरबी समुद्र ओलांडून मुंबई. सात-आठ तास. म्हणजे बोरिवली-मुलुंड व्हाया दादरच की. मार्च २०१८ मध्ये सौदीने एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला वाट दिली, तेव्हा एल अलचा जळफळाट झाला तो साहजिकच होता. जुलै २०२२ मध्ये सौदीने आकाश सगळ्यांना खुलं केलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननेही केलं, आणि वाट सरळ झाली.

आपल्या विमानांचीही हीच गत. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, २७ फेब्रुवारी ते १६ जुलै, पाकिस्तानचं आकाश बंद राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर ते भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. दोऱ्याने दाखवलेली न्यूयॉर्कची वाट पाकिस्तानातूनच जाते. ती मिटली की अरबी समुद्र आणि आखातावरून वळसा. अमेरिकेच्या लांब पल्ल्यात एवढ्याने इंधनाचं गणित कोलमडतं, आणि विनाथांबा म्हणून विकलेलं विमान मध्येच कुठेतरी इंधनाला थांबतं.

घाटकोपरच्या डोक्यावर

आता जरा घरचं. पूर्वेकडून उतरणारं विमान तीन अंशांच्या उताराने येतं. म्हणजे धावपट्टी एक किलोमीटर जवळ आली की विमान साधारण ५२ मीटर खाली. घाटकोपर स्टेशन धावपट्टीच्या टोकापासून अडीच किलोमीटरवर. गणित करा, तिथे विमान दीडशे मीटरच्या आतबाहेर असतं. घाटकोपरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना बायका विमानाच्या पोटातली चाकं मोजतात, शेपटीवरची खूण बघून कंपनी सांगतात, आणि फोनवर बोलताना नेमकं कुठे थांबायचं आणि कितपत थांबायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. घरघर गेली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे चालू. पाहुण्यांना मात्र वाटतं, यजमानीण रागावली.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. सहार ते तो, हवेतून पंचवीसेक किलोमीटर. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायची वेळ आली तर मधल्या पंचवीससाठी किती वेळ हाताशी ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी असतो तर मुक्काम केला असता.

आणि अंधेरीपासून सगळ्यात लांब काय? पृथ्वीच्या गोलात सहारमधून सुई आरपार घातली तर ती निघते प्रशांत महासागरात, भर पाण्यात. जवळची म्हणावी अशी जमीन म्हणजे चिलीचं ईस्टर बेट, तेही त्या बिंदूपासून नऊशे किलोमीटर दक्षिणेला. मुंबईहून ते १९,१०० किलोमीटरवर पडतं. याहून लांब मराठी माणसाने भांडून जायचं ठरवलं तरी फारसं काही उरत नाही.

जाता जाता एक कामाचं. परदेशी निघताना न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅग ठेवून तेवीस किलोचा हिशेब लागतो, भाजणी बसते, लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून बसते. त्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नका. तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, १३६३. एक्स-रेत वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात आणि मालकाला बोलावतात. खोबरं तिकडच्या इंडियन ग्रोसरीत मिळतं, तिथेच घ्या.